सुटीचा हक्क आणि सहलीचा सौदा

(तालुका कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचे हे संपादित रूप.)



शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेत शेतमालाचा भाव, कंत्राटी कामगार आणि पाणीवाटप या विषयांच्या पंक्तीला ‘सहलीच्या जाहिराती आणि ग्राहकांच्या तक्रारी’ हा विषय पाहून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. एका ज्येष्ठ साथीने तर सकाळी चहाच्या वेळी मला स्पष्टच विचारले, ‘ज्यांच्या खिशात हिंडाफिरायला पैसे आहेत, त्यांची दुखणी आपण कशाला उगाळायची?’ आक्षेप प्रामाणिक आहे. त्याला उत्तर दिल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही; आणि ते उत्तर देण्यासाठी मला आधी आमच्या तालुक्यातील एक हकीकत सांगितली पाहिजे.

आमच्याकडे स्त्रियांचा एक बचत गट आहे. शाळेत खिचडी शिजविणाऱ्या, अंगणवाडीत मदतनीस असलेल्या, दुसऱ्याच्या रानात खुरपणीला जाणाऱ्या अशा एकतीस जणी त्यात आहेत. त्यांनी दोन वर्षे भिशी लावून काशीयात्रेसाठी पैसे साठविले. शहरातील एका यात्रा कंपनीची जाहिरात त्यांच्या हाती आली होती. काशी, प्रयाग, अयोध्या, दहा दिवस, जाणे-येणे आरक्षित डब्यातून, गंगेच्या घाटाजवळ निवास, दोन्ही वेळा मराठी पद्धतीचे जेवण, आणि हे सारे ‘सर्व खर्चासह’ माणशी सोळा हजार रुपयांत. कंपनीचा माणूस गावात आला, देवळात त्याने नारळ फोडला आणि महिनाभर आधीच सगळी रक्कम मोजून घेऊन गेला.

जाताना आरक्षित डबा होता. काशीला मात्र घाटाजवळच्या निवासाऐवजी शहराबाहेरच्या एका मंगल कार्यालयात सतरंज्या अंथरलेल्या होत्या. घाटापर्यंतच्या रिक्षाचे पैसे वेगळे, नावेचे वेगळे, अयोध्येच्या बसचेही वेगळे. सातव्या दिवशी स्वयंपाकी निघून गेला, कारण त्यालाही त्याची मजुरी मिळाली नव्हती. परतीची तिकिटे प्रतीक्षायादीतच राहिली होती, हे स्टेशनवर गेल्यावर समजले. साठीच्या घरातल्या बायका सर्वसाधारण डब्यात, दाराशी बोचकी घेऊन, दीड दिवस बसून परत आल्या.

गटाने तक्रार केली. कंपनीने प्रथम रेल्वेकडे बोट दाखविले. मग पुढच्या यात्रेत सवलत मिळेल असे कूपन देऊ केले. तेही कोणी घेईना, तेव्हा गटातील ज्या दोघी लिहित्यावाचत्या होत्या आणि पावत्या ज्यांच्यापाशी होत्या, त्यांना बाजूला बोलावून ‘तुमचे तेवढे घ्या, बाकीच्यांना सांगू नका’ असे सांगण्यात आले. एकीने पैसे घेतले. तिला दोष देण्याचा अधिकार मला नाही. तिच्या मुलीचे बाळंतपण तोंडावर आले होते. दुसरीने नाकारले. पण गटात संशय शिरला, भांडणे झाली आणि भिशी मोडली. अखेर त्या दुसऱ्या बाईच्या मागे अकरा जणी उभ्या राहिल्या. त्यांची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगापुढे नेण्याच्या कामात मी होतो. चौदा महिन्यांनी निकाल त्यांच्या बाजूने लागला. तोवर कंपनीच्या दुकानाला कुलूप लागले होते, आणि त्याच गृहस्थाने भावाच्या नावाने दुसऱ्या पेठेत दुसरी पाटी लावली होती. आज त्या बायकांच्या हाती आदेश आहे; पैसा नाही. वसुलीचा अर्ज चालू आहे.

काशीहून आल्यावर मावंदे घालण्याची आपल्याकडील रीत आपल्याला ठाऊक आहे. गंगेचे पाणी वाटायचे, भाऊबंदांना जेवू घालायचे. त्या अकरा जणींपैकी एकीने अजून मावंदे घातलेले नाही. मी कारण विचारले, तेव्हा ती म्हणाली, ‘भाऊ, कोणत्या तोंडानं घालू? लोक विचारतील, काशीत काय पाहिलंस? मी काय मंगल कार्यालय पाहिलं म्हणून सांगू?’

आता मला सांगा, ही कोणाची दुखणी आहेत?

प्रवास हा एकेकाळी निवांत वर्गाचा शोक होता, यात शंका नाही. पण आज परिस्थिती पालटली आहे. २०२३ च्या मार्चमध्ये एस.टी.ने स्त्रियांना अर्ध्या तिकिटात प्रवास देण्यास आरंभ केला. त्यानंतर कोणत्याही तालुक्याच्या स्थानकावर जाऊन पाहावे. ज्या बायकांनी माहेर आणि बाजार यांपलीकडे गाव पाहिले नव्हते, त्या तुळजापूरला, शेगावला, पंढरपूरला निघालेल्या दिसतील. गिरणीतून निवृत्त झालेला कामगार, पालिकेचा सफाई कामगार, प्राथमिक शिक्षक, दवाखान्यातील आया यांनाही आयुष्यात एकदा हिमालय पाहावासा वाटतो, समुद्र पाहावासा वाटतो. या इच्छेत चैन नाही, माणूसपण आहे.

किंबहुना समाजवादी चळवळीने तर ही इच्छा हक्क म्हणून मान्य करून घेतली आहे. १९३६ साली फ्रान्समध्ये लेओं ब्लूम यांच्या नेतृत्वाखाली लोकआघाडीचे सरकार आले. त्या उन्हाळ्यात लक्षावधी कामगारांनी कारखाने ताब्यात घेतले होते. त्या लढ्यातून चाळीस तासांचा आठवडा आणि दोन आठवड्यांची भरपगारी रजा हे दोन कायदे जन्माला आले. पण नुसती रजा देऊन भागत नाही, कारण घरी बसून राहण्याला सुटी म्हणत नाहीत, हे त्या सरकारातील तरुण समाजवादी मंत्री लेओ लाग्रांज यांनी ओळखले आणि कामगारांसाठी रेल्वेचे सवलतीचे तिकीट सुरू केले. हजारो कामगार कुटुंबांनी त्या वर्षी प्रथमच समुद्र पाहिला. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने भरपगारी रजेचा ठराव संमत केला. आपल्या देशात १९४८ च्या कारखाने कायद्याने वीस दिवसांच्या कामामागे एक दिवसाची भरपगारी रजा मिळाली. तेव्हा सुटी ही मालकाने दिलेली भेट नव्हे. ती कामगाराने झगडून मिळविलेली गोष्ट आहे. झगडून मिळविलेली ती सुटी आणि पोटाला चिमटा घेऊन जमविलेली ती पुंजी, या दोन्हींवर जर बाजारात डल्ला मारला जात असेल, तर तो प्रश्न आपला नाही तर कोणाचा?

आता या फसवणुकीचे प्रकार पाहू. ते वरवर पाहता निरनिराळे दिसतात.

पहिला प्रकार ‘सुटी क्लबा’चा. पेट्रोल पंपावर किंवा मोठ्या दुकानात एक चिठ्ठी भरून घेतात. चार दिवसांनी दूरध्वनी येतो: ‘अभिनंदन! आपल्याला तीन दिवसांची सहल बक्षीस मिळाली आहे. बक्षीस घ्यायला पती-पत्नी दोघांनीही आले पाहिजे.’ दोघांनी का, हे लक्षात घ्या. ‘घरी विचारून सांगतो’ हे वाक्य तोंडातून निघू नये म्हणून. जिल्ह्याच्या गावी एखाद्या हॉटेलात दोन-तीन तास बसवून ठेवतात. मोठ्याने संगीत चालू असते. कोणी सही केली की टाळ्या वाजतात. दर वर्षी सात दिवस, पंचवीस वर्षे, देशभरच्या हॉटेलांत, आणि हा भाव फक्त आजच्या दिवसापुरता. शिक्षक नवरा-बायको लाख-सव्वा लाखांच्या हप्त्यांवर सही करून बाहेर पडतात. घरी आल्यावर बारीक टाइपातील कलमे वाचली जातात. खोली ‘उपलब्धतेनुसार’ मिळेल. दर वर्षी देखभालीचा आकार वेगळा. भरलेली रक्कम कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही. वाद झाल्यास दूरच्या एका शहरात लवादापुढे जावे. ‘आमच्या माणसाने तोंडी दिलेली आश्वासने कंपनीवर बंधनकारक नाहीत’ असेही एक कलम बहुधा असतेच. म्हणजे तोंडाने विकायचे आणि कागदाने नाकारायचे.

दुसरा प्रकार माझ्या हकीकतीतील यात्रा कंपनीचा. ‘अमुक रुपयांपासून’ अशी जाहिरात असते. त्या ‘पासून’ शब्दाच्या पोटात सगळी गोम आहे. हॉटेलाचे नाव दिलेले असते आणि पुढे ‘किंवा तत्सम’ असे दोन शब्द असतात. पैसे घेईपर्यंत ते तत्सम. पोहोचल्यावर ते भलतेच.

तिसरा प्रकार मोबाईलच्या पडद्यावरचा. ‘फक्त एक खोली शिल्लक’, ‘आत्ता चौदा जण हेच हॉटेल पाहत आहेत’ अशी घाई तो पडदा माणसाला करतो. तिकिटाचा भाव आरंभी एक दिसतो. मग सेवाशुल्क, सुविधाशुल्क, आसनाचे शुल्क असे थेंब पडत जातात आणि शेवटच्या पायरीवर भाव भलताच झालेला असतो. विम्याच्या चौकटीत न विचारता खूण केलेली असते. ती काढू गेल्यास ‘मला माझ्या कुटुंबाची सुरक्षितता नको’ अशा अर्थाच्या वाक्यावर बोट ठेवावे लागते. ग्राहकाच्या लज्जेचेही भांडवल करणारा हा व्यापार आहे.

चौथा प्रकार निव्वळ चोरीचा. केदारनाथच्या हेलिकॉप्टरची तिकिटे रेल्वेच्या पर्यटन महामंडळाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच मिळतात. पण हुबेहूब तशीच दिसणारी खोटी संकेतस्थळे उभी राहतात, पैसे घेतात आणि नाहीशी होतात. २०२५ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय गृहखात्याच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राला यात्रेकरूंसाठी याबाबत जाहीर इशारा द्यावा लागला.

चौथ्या प्रकारात विकण्यासारखे काही नसतेच. तो पोलिसांचा विषय आहे. पण पहिल्या तीन प्रकारांतील व्यवहार नोंदणीकृत दुकानांतून, उजळ माथ्याने चालतात. या तिघांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, आणि तीच मला आज आपल्यापुढे ठेवायची आहे. आपण धान्य घेतो तेव्हा मूठभर हातात घेऊन पाहतो आणि मग पैसे देतो. प्रवासाच्या व्यवहारात माल महिन्याभराने, हजार किलोमीटरांवर मिळायचा असतो, आणि पैसे मात्र आज, पुरतेपणी द्यायचे असतात. माहिती सारी विकणाऱ्यापाशी, पैसा सारा विकणाऱ्यापाशी. घेणाऱ्यापाशी एक पावती. अशा स्थितीत विकणाऱ्याने प्रामाणिक राहावे हे केवळ त्याच्या मर्जीवर अवलंबून राहते. पुष्कळ ठिकाणी तर वैशाखातील यात्रेकरूंच्या आगाऊ पैशांतून फाल्गुनातील यात्रेची देणी भागविली जातात. चक्र फिरते आहे तोवर कोणाला कळत नाही. ते एखाद्या महामारीने, पुराने किंवा मालकाच्या हव्यासाने अडखळले, की शेवटच्या रांगेत उभा असलेला ग्राहक बुडतो.

२०२० च्या टाळेबंदीत हेच मोठ्या प्रमाणावर झाले. विमाने बंद झाली. तिकिटांचे पैसे विमान कंपन्या आणि मध्यस्थ यांच्यामध्ये अडकले. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने परतफेडीविषयी आदेश दिला. तरीही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोंदीनुसार २०२१ मध्ये एका मोठ्या संकेतस्थळाकडे छत्तीस हजारांहून अधिक नोंदण्यांचे २६ कोटी रुपये थकलेले होते. प्राधिकरणाने पिच्छा पुरविल्यावर २०२४ च्या जूनपर्यंत ही थकबाकी सुमारे अडीच कोटींवर आली, आणि तेवढी देण्यासाठीही पुन्हा आदेश काढावा लागला. चार वर्षे लोकांचा पैसा बिनव्याजी वापरला गेला, हा याचा साधा अर्थ आहे. पण शासनयंत्रणेने मनावर घेतले तर पैसा बाहेर निघतो, हाही अर्थ त्यातच आहे.

येथे एक सावधगिरीची सूचना देणे आवश्यक वाटते. आपला रोख कोणावर असावा? ज्या मुलीने दूरध्वनीवरून ‘अभिनंदन’ म्हटले, ती महिन्याला ठरावीक जोडपी हॉटेलात आणली नाहीत तर कामावरून जाते. लहान हॉटेलवाला हाही बहुधा मोठ्या मध्यस्थाच्या मुठीत असतो. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने हॉटेल-आरक्षणातील दोन बड्या कंपन्यांना मिळून ३९२ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. हॉटेलांनी दुसरीकडे कमी भाव लावू नये अशी अट घालणे, आणि प्रतिस्पर्ध्यांची हॉटेले यादीतून वगळणे, असे त्यातील आक्षेप होते. कंपन्यांनी त्याविरुद्ध अपील केले. तात्पर्य, फसलेला ग्राहक, दमलेली मुलगी आणि पिळलेला हॉटेलवाला हे परस्परांचे शत्रू नव्हेत.

कायदा काय सांगतो ते आता थोडक्यात पाहू. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या जागी २०१९ चा कायदा आला आणि तो २०२० च्या जुलैपासून अमलात आहे. त्यात काही चांगल्या गोष्टी आहेत. ग्राहक आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करू शकतो. कंपनीच्या गावी जावे लागत नाही. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी नाही. वकील लावलाच पाहिजे असे नाही. करारात लवादाचे कलम असले तरी ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाखांपर्यंत, आणि पुन्हा तोच गुन्हा घडल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पडद्यावरच्या ज्या लबाड्या मी सांगितल्या, त्या खोट्या घाईसह तेरा प्रकारच्या लबाड्यांना केंद्रीय प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी मनाई केली आहे.

मग उणीव कोठे आहे? ती तीन ठिकाणी आहे. पहिली ही, की सारा कायदा फसवणूक झाल्यानंतर जागा होतो. सहल कंपनी काढण्यासाठी केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची मान्यता घेणे ऐच्छिक आहे. ज्याला घ्यायची त्याने घ्यावी! दुकान उघडून लोकांचे कोटी रुपये आगाऊ घेण्यापूर्वी त्याने कोठे अनामत ठेवली आहे काय, हे विचारणारा कोणी नाही. दुसरी उणीव ही, की ‘हा करारच अन्याय्य आहे, तो रद्द करा’ अशी तक्रार जिल्हा आयोगापुढे चालत नाही. त्यासाठी राज्य आयोगाकडे जावे लागते. ज्यांना जिल्ह्याच्या गावी जाण्याचे भाडे जड, त्यांना राजधानीचा रस्ता दाखविण्यासारखे हे आहे. वास्तविक, दुर्बलाने बलवानाच्या छापील कागदावर केलेली सही म्हणजे खरी संमती नव्हे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्येच, ब्रजनाथ गांगुली यांच्या खटल्यात, एका सरकारी कंपनीच्या नोकराच्या बाजूने मान्य केले आहे. कामगारांनी मिळविलेले ते तत्त्व ग्राहकाला त्याच्या जिल्ह्यात का मिळू नये? तिसरी उणीव ही, की नोटीस मिळाल्यापासून शक्यतो तीन महिन्यांत निकाल व्हावा असे कायदा म्हणतो. आमच्या बायकांना चौदा महिने लागले, आणि वसुली अजून व्हायची आहे.

या उणिवा भरून काढता येतात, हे इतर देशांनी दाखविले आहे. ब्रिटनमध्ये १९७३ पासून हवाई सहली विकणाऱ्या कंपनीला परवाना घ्यावा लागतो. पुढच्याच वर्षी तेथे एक मोठा सहल-उद्योग ऐन ऑगस्टमध्ये कोसळला, तेव्हा प्रवाशांसाठी राखीव निधी उभारण्यात आला. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये ब्रिटनची टॉमस कुक कंपनी बुडाली. त्याच नावाच्या भारतीय कंपनीचा तिच्याशी तेव्हा मालकीचा संबंध नव्हता. त्या वेळी परदेशात अडकलेल्या सुमारे दीड लाख प्रवाशांना तेथील विमान-वाहतूक प्राधिकरणाने दोन आठवड्यांत घरी आणले. युरोपीय संघात १९९० पासून एकत्रित सहलींविषयी कायदा आहे. कंपनीचे दिवाळे निघाले तरी प्रवाशाचा पैसा सुरक्षित राहावा, अशी तरतूद त्यात आहे. विमानभाडे सांगताना आरंभापासून सर्व करांसह अंतिम भाव सांगावा, असाही तेथे नियम आहे. हे देश समाजवादी नाहीत. भांडवलशाहीत राहूनही त्यांनी जे केले, ते करण्यास आपल्याला कोणती अडचण आहे?

आता थोडे कडू बोलतो. सरकारी मालकी असली की सारे आपोआप न्याय्य होते, अशा भ्रमात आपण राहू नये. साथी मधु दंडवते १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री होते. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकावर दोन इंचांची गादी आली ती त्यांच्यामुळे. १९७७ च्या डिसेंबरमध्ये मुंबई-हावडा मार्गावर वर्गविहीन गीतांजली एक्स्प्रेस धावू लागली तीही त्यांच्याच काळात. आरक्षणातील काळाबाजार मोडण्यासाठी संगणक आणण्याचा विचारही त्याच काळात पुढे आला. दोन इंचांच्या त्या गादीमागे एक विचार होता: प्रवासी हा गिऱ्हाईक नसून नागरिक आहे. त्याच रेल्वेने २०१६ च्या सप्टेंबरपासून राजधानी, दुरांतो आणि शताब्दी गाड्यांना मागणीप्रमाणे चढणारे भाडे लावले. घरबसल्या काढलेल्या तिकिटावरचे सुविधाशुल्क १ सप्टेंबर २०१९ पासून पुन्हा सुरू झाले. तिकीट रद्द केले तरी ते परत मिळत नाही. सार्वजनिक संस्थेने बाजारातील चलाख्या उचलल्या, तर खाजगी दुकानदाराला कोणत्या तोंडाने जाब विचारायचा? म्हणून आपला आग्रह केवळ मालकी कोणाची यावर थांबता कामा नये. व्यवहार कसा, हेही विचारले पाहिजे.

तेव्हा आपल्या मागण्या काय असाव्यात? माझ्या मते चार. सहल विकणाऱ्या प्रत्येकाला नोंदणी आणि अनामत सक्तीची असावी. प्रवाशाचा आगाऊ पैसा स्वतंत्र विश्वस्त खात्यात राहावा आणि प्रवास सुरू झाल्यावरच टप्प्याटप्प्याने कंपनीला मिळावा. पहिल्या जाहिरातीत आणि पहिल्या पडद्यावर पूर्ण, अंतिम भाव सांगण्याचे बंधन असावे. आणि अन्याय्य कराराची तक्रार जिल्हा आयोगापुढे चालावी. याखेरीज राज्य सरकारला एक आठवण करून दिली पाहिजे. खाजगी प्रवासी बसचे भाडे एस.टी.च्या दीडपटीहून अधिक असू नये, असा शासननिर्णय २०१८ च्या एप्रिलमध्ये निघाला. गणपतीला कोकणात आणि दिवाळीला विदर्भात जाणाऱ्यांना त्या निर्णयाचा किती अनुभव येतो, ते त्यांनाच विचारावे.

पण मागण्यांचा कागद देऊन आपले काम संपत नाही. आपले खरे काम निराळे आहे. फसलेला माणूस गप्प बसतो. दरोडा पडला तर तो गावभर सांगतो. फसला तर घरातही सांगत नाही, कारण त्यात आपण मूर्ख ठरलो असे त्याला वाटते. ही लाज हीच या धंद्याची सर्वांत मोठी अनामत आहे. एकट्याची लाज कंपनीला विकत घेता येते. दोघींना बाजूला बोलावून ती तेच करते. तीस जणींची एकत्र तक्रार मात्र विकत घेता येत नाही. समान हित असलेल्या अनेक ग्राहकांच्या वतीने एक तक्रार करण्याची मुभा कायद्याने दिली आहे. आयोगाची परवानगी तेवढी घ्यावी लागते. संघटित होणे ही आपली विद्या आहे. ती आपण कारखान्याच्या फाटकाशीच का ठेवावी?

याला आपल्याकडे परंपराही आहे. १९७२ साली महागाईने कहर केला, तेव्हा मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर, प्रमिलाताई दंडवते आणि त्यांच्या सहकारिणींनी मुंबईच्या स्त्रियांना थाळ्या-लाटणी घेऊन रस्त्यावर आणले. तोवर तेल आणि रॉकेल हा घरातला, एकेकट्या बाईच्या हिशेबातला विषय मानला जात होता. त्यांनी तो राजकारणाचा विषय केला.

तेव्हा या शिबिरातून परत गेल्यावर प्रत्येक तालुका कार्यालयात एक वही घालावी. कोण फसले, कोणत्या कंपनीकडून, कोणत्या तारखेला, किती पैशांना, याची नोंद करावी. जाहिरात, पावती, कंपनीच्या माणसाचे निरोप, पडद्याचे छायाचित्र, काहीही टाकू देऊ नये. कंपनीला आधी लेखी पत्र पाठवावे. राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक १९१५ वर तक्रार नोंदवावी. पैसे चोरीच्या संकेतस्थळावर गेले असतील तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे, कारण तेथे तासांचा हिशेब असतो. आयोगाकडे मात्र दोन वर्षांच्या आत गेलेच पाहिजे. आणि एकाच कंपनीच्या पाच नोंदी वहीत झाल्या, की त्या पाच जणांना एका बाकावर आणून बसवावे. बाकीचे ते आपोआप करतील, असा माझा अनुभव आहे.

सकाळी आक्षेप घेणाऱ्या साथीला माझे एवढेच सांगणे आहे. त्या अकरा जणींच्या वसुलीच्या अर्जाची पुढची तारीख याच महिन्यात आहे. जिल्ह्याच्या गावी जायला त्यांना अर्धे तिकीट पडते. अर्ध्या तिकिटावरही एका दिवसाची मजुरी बुडते, ती धरून त्या येतात. आपणही त्या दिवशी यावे, आणि त्यांच्या शेजारी बसावे.